शालेय मंत्रिमंडळाचे दोन ठराव: गणवेश आणि प्रकल्प. पुढे कसे न्यावेत?

खाडीकाठचा गुरुजी

दाभोळ खाडीच्या काठावर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते आठवी. वरचे तीन वर्ग मी आणि एक बाई मिळून सांभाळतो. शालेय मंत्रिमंडळ आम्हीही निवडतो. मोबाइलवर मतदानाचं ॲप, बोटाला शाई, निकालानंतर गुलाल, सगळं यथासांग. पुढे वर्षभर मुख्यमंत्री परिपाठाला ‘सावधान, विश्राम’ म्हणते, पाणीमंत्री टाकीचा नळ बंद करतो आणि अहवालात फोटो जातो.

यंदा जुलैच्या बैठकीचे विषय मुलांनीच ठरवले आणि इतिवृत्तही त्यांनीच लिहिलं. खेळाचं साहित्य नाहीतर सहल येईल असा माझा अंदाज होता. आले ते दोन विषय: गणवेश आणि प्रकल्प.

गणवेशाचा विषय आरोग्यमंत्र्याने काढला. सातवीतला पोरगा, वडील होडीवर जातात. आदल्या आठवड्यात त्याने वर्गावर्गांत फिरून सगळ्यांच्या पायांची बोटं बघितली होती, कुणी न सांगता. निम्म्याहून जास्त पोरांना चिखल्या. त्यात नवल नाही. काळे बूट, पांढरे मोजे, घरापासून शाळेपर्यंत लाल चिखल आणि मग संध्याकाळपर्यंत पाय त्याच ओल्या मोज्यांत. पांढऱ्या मोज्यांची कल्पना ज्याने काढली तो आषाढात कोकणात आलेला नसणार. मुलांची मागणी एवढीच की जून ते सप्टेंबर चपला किंवा प्लास्टिकचे सँडल चालावेत.

शिस्तमंत्री आडवा आला. ‘एकदा सूट दिली की उद्या कोणीही काहीही घालून येईल.’ मुख्यमंत्रीण (आठवीतली, कुणाला सोडत नाही) म्हणाली, ‘परवा तू निळा शर्ट घालून आलेलास तो?’ ‘गणवेश वाळला नव्हता.’ ‘मग लिही तेच.’ आणि त्याने लिहिलं. गणवेशाचे जोड दोन, एक अंगावर आणि एक चुलीवरच्या दांडीवर. आठवडाभर ऊन नाही म्हटल्यावर कपडे धुरावरच वाळतात. सहावीतल्या एकाला ‘धुरी’ असं चिडवतात हेही त्याच बैठकीत कळलं.

मुलींचं वेगळंच. सहावीपासून त्यांना सलवार, कमीज, ओढणी. पलीकडच्या वाडीतल्या मुली तरीने येतात. वारा असतो, एका हातात छत्री, दुसऱ्यात दप्तर, आणि दोन पिनांवर टिकवलेली ओढणी भिजून गळ्याला चिकटलेली. त्यांचं म्हणणं, ओढणीऐवजी कोटी द्या. शिवाय कमीजला खिसा पाहिजे. तरीचे पैसे कुठे ठेवायचे? मुलांच्या पँटला दोन-दोन खिसे आहेत, त्यात चिंचोके असतात.

मध्येच एकाने मलाच विचारलं, ‘सर, तुम्हालाही ड्रेसकोड आलाय ना? तुम्हाला कुणी विचारलेलं का?’ मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी काढलेला निर्णय त्याच्या बाबांनी मोबाइलवर वाचला होता. जीन्स नको, टी-शर्ट नको वगैरे. मी म्हटलं, नाही विचारलं. तेवढं वाक्यही इतिवृत्तात गेलंय.

आता प्रकल्प. मुलांचा ठराव त्यांच्याच शब्दांत: ‘प्रकल्प शाळेतच करायचा. घरून करून आणलेला प्रकल्प सरांनी आणि बाईंनी तपासू नये.’ ज्या मुलीने हा ठराव मांडला तिचे आईवडील मुंबईला, ती इथे आजीजवळ. ती उभी राहून म्हणाली, ‘माझ्या आजीला थर्माकोल कापता येत नाही.’ पोरं हसली. मला नाही हसता आलं. कारण दरवर्षी कपाटावर मांडलेले ज्वालामुखी कुणाच्या बाबांनी केलेत हे आम्हा दोघांनाही पाठ आहे.

अडचण अशी की मुख्याध्यापक म्हणतात, इतिवृत्त बदला, स्वच्छतेचा एक ठराव घाला, गणवेश हा मुलांचा विषयच नव्हे. माणूस वाईट नाही. वरून कुणी तपासायला आलं आणि मुलं चपलांवर दिसली तर उत्तर त्यांनाच द्यायचंय.

मला विचारायचंय ते हे. यातलं काय मुलांच्या हातात आहे, काय आमच्या, आणि काय शाळा व्यवस्थापन समितीच्या? ज्यांनी आपल्या शाळेत असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. ‘उत्तम उपक्रम, अभिनंदन’ लिहिलं नाही तरी चालेल.

निवृत्त केंद्रप्रमुख

अभिनंदन करत नाही, मुद्द्यावर येतो.

तुम्ही दोन निराळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्या आहेत. प्रकल्पासाठी कुणाची परवानगी हवी आहे तुम्हाला? आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं आहे आणि ते कसं करून घ्यायचं हे वर्गशिक्षक ठरवतो. प्रकल्प घरूनच आणावा असं कुठेही म्हटलेलं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ काढून वाचा, मुलांनी कृतीतून आणि शोधातून शिकावं असंच त्यात लिहिलंय. म्हणजे हा ठराव अंमलात आणायला उद्याचा तास पुरेसा आहे. मुख्याध्यापकांना फक्त कळवा.

गणवेश मात्र समितीचा विषय. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड आणि शिलाई वरून ठरली. तक्रारी इतक्या आल्या की २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा समितीकडे दिलं. तेव्हा कोटी, खिसा, पँटची लांबी हे बोलायची जागा समितीची बैठक हीच. बैठक दर महिन्याला होते, निदान व्हायला हवी. मुख्यमंत्रीण आणि तो पाय बघणारा आरोग्यमंत्री, दोघांना निमंत्रित म्हणून बसवा. मत देणार नाहीत, पण बोलतील. तुमच्या तोंडून चिखल्या ऐकणं आणि त्याच्या तोंडून ऐकणं यात फरक पडतो.

बुटांबाबत एक सावधगिरी. शासन विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरून एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे देतं. त्यामुळे ‘बूट नकोत’ अशा शब्दांत ठराव लिहू नका, कागद वर गेला तर बूटच बंद व्हायचे. ‘पावसाळ्यात पायांच्या त्वचारोगामुळे उघड्या सँडलची मुभा’ असं लिहा आणि सोबत आरोग्य केंद्राच्या तपासणीची नोंद जोडा.

शिस्तमंत्र्याची बाजूही अगदी उडवून लावू नका. मी ज्या काळात शिकलो तेव्हा गणवेश नव्हता, आणि खोताचा मुलगा कोण, गड्याचा कोण हे दारातूनच कळायचं. रंग एकच असू द्या. पायांत काय आणि खांद्यावर काय यावर सूट द्या.

आणि हो, गणवेश नाही म्हणून कुणाला वर्गाबाहेर उभं करत असाल तर ते आजच थांबवा. त्याच कायद्याच्या कलम १७ मधली शिक्षेची बंदी मानसिक त्रासालाही लागू आहे.

मालवणची आई

गुरुजीनू, तुमच्या पोरांचा म्हणणा बरोबर आसा. माझो झील सातवीत. गेल्या वर्सा किल्ल्याचो प्रकल्प होतो. रात्री धा वाजता माका सांगता, ‘आये, उद्या देवचो आसा.’ मी थर्माकोल कापतंय, घोव रंग मारता आणि झील झोपलो. शेरो काय गावलो? ‘उत्कृष्ट’! आमच्या दारात उभ्या रवल्यार सिंधुदुर्ग किल्लो दिसता, तरी तो थर्माकोलाचो करूक होयो.

आता सगळ्यांना कळेल असं लिहिते. मी आमच्या शाळेच्या समितीवर आहे. खिशासाठी ठरावाचीसुद्धा गरज नाही. शिंप्याकडे मापं द्यायला गेलात की सांगायचं, उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा ठेवा. कापड वीतभरही जास्त लागत नाही. आम्ही सांगितलं, त्याने लावला, कुणी काही बोललं नाही. बाहेरून दिसत नाही ना.

कोटीला मात्र आमच्याकडे विरोध झाला, आणि तो आयांकडूनच. ‘मुलगी मोठी झाली, ओढणी नको कशी?’ मग एका आजींनी सांगितलं की त्या मासळीचं टोपलं डोक्यावर घेऊन बाजार करायच्या तेव्हा पदर खोचूनच करायच्या, वाऱ्यात उडणारं कापड कामाचं नाही. त्यांच्यापुढे कुणी काय बोलणार? आता ज्या मुलीला ओढणी पाहिजे ती घेते, जिला कोटी पाहिजे ती कोटी. रंग एकच. कोटीचं कापड जाड घेऊ नका, वाळत नाही.

खाडीकाठचा गुरुजी

दोघांचे आभार. केंद्रप्रमुख साहेब, ‘परवानगी कशाला’ हे वाचून बाईंनी सोमवारीच सहावीत सांगून टाकलं की या सत्रात घरून काही आणायचं नाही. अर्धा वर्ग खूश, आणि दोन पालक संध्याकाळी फाटकात हजर. त्यांतल्या एकाची ज्वालामुखीची तयारी झाली होती.

आता आमचीच पंचाईत. वर्गात प्रकल्प करायचा म्हणजे नेमकं काय? तास पस्तीस मिनिटांचा. पाच जणांचा गट केला की दोघं काम करतात, दोघं कात्रीवरून भांडतात आणि एक खिडकीबाहेर बघतो. मुलांनी विषय सुचवलेत, ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत: पाऊस रोज किती पडतो, बाबांच्या जाळ्यांचे किती प्रकार, वाडीतल्या विहिरींचं पाणी गणपतीपर्यंत किती वर येतं, खाडीची भरती कधी. जाळ्यांचा विषय आत्ताच होण्यासारखा होता, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माणसं घरी असतात, जाळी विणायला अंगणात काढलेली असतात. नारळी पौर्णिमेनंतर कोण सापडणार?

पण नोंदी कशा ठेवायच्या, गुण कसे द्यायचे? आणि पावसाळ्यात मुलांना खाडीवर न्यायचं म्हणजे माझ्या छातीत धडधड.

तालुक्याचा स्टेशनरीवाला

मी तो ज्वालामुखी विकणारा. म्हणजे तुमच्या गावातला नव्हे, पण धंदा तोच.

रविवारी संध्याकाळी सातनंतर दुकानात या. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर ‘प्रदूषण’. पालकाला विचारलं कसलं, हवेचं की पाण्याचं? त्याला माहीत नसतं. मुलगा बाहेर गाडीवर बसलेला. मी दोन्हींच्या चित्रांचे छापील संच ठेवतो, फाइल ठेवतो, वर ‘प्रस्तावना’ आणि ‘ऋणनिर्देश’ छापलेली पानंसुद्धा ठेवतो. ऋणनिर्देशात ‘माझ्या गुरुजनांचे मार्गदर्शन लाभले’ असतं, नाव लिहायला टिंबटिंब. चाळीस मुलांना एकच विषय दिला की मी चाळीस संच मागवतो, इतकं ते सोपं आहे. थर्माकोलची मखरं, ताटं २०१८ च्या बंदीत गेली तेव्हा वाटलं होतं की शाळाही सोडतील. कुठलं काय.

तुम्ही शाळेत प्रकल्प सुरू केलात तर माझं काही बुडत नाही. पुठ्ठा, दोरा, मोजपट्टी, आलेखवही, हे लागणारच. मला फक्त महिनाभर आधी यादी द्या, शाळेच्या नावाने एकदम पाठवतो. सुट्या खरेदीपेक्षा स्वस्त पडेल.

मुलांच्या बाजूने एक सांगतो. काही पोरं स्वतःच्या पैशांनी, स्वतः निवडून सामान नेतात, आठ-आठ दिवस खपतात. ‘घरून आणलेलं तपासूच नये’ म्हणालात तर त्यांच्यावर अन्याय होईल.

अलिबागची भूगोलवाली

भरती मी सातवीला करून घेते. भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा आहेच, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मुलांना पाण्यात उतरवायचं नाही, हे आधी. जेटीच्या पायऱ्यांवर वरून खाली अंक रंगवायचे आणि कितव्या पायरीला पाणी टेकलंय एवढंच काठावरून, कठड्यामागून लिहायचं. तुमची तरीची मुलं रोज ये-जा करतातच, त्यांनी शाळेत येताना आणि घरी जाताना वाचावं, तरीवाल्याच्या डोळ्यांसमोर. पुरात मचवे बंद तेव्हा नोंदही बंद, त्या रकान्यात ‘पूर’ लिहायचं. रिकामी जागासुद्धा माहितीच असते.

मग कोळ्यांचा हिशेब शिकवायचा, खरं तर त्यांच्या आजोबांनाच शिकवायला बोलवायचं. तिथी पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळी एकदा आणि साडेबारा तासांच्या आतबाहेर पुन्हा एकदा. आमच्याकडे कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी बघावी लागते, त्यामुळे घोडागाडीवाल्यांपासून सगळ्यांना हे तोंडपाठ. पाऊणकी पाढे कुणाला येत नाहीत आता, त्या निमित्ताने अपूर्णांकांचा गुणाकारही होतो. तुम्ही खाडीत आत आहात, मुखाशी भरती आल्यावर तुमच्याकडे पाणी चढायला वेळ लागतो. तो किती लागतो हे मुलांनी शोधायचं. ते ना पुस्तकात सापडेल ना स्टेशनरीच्या दुकानात (राग मानू नका भाऊ).

पावसाचं मोजमाप सोपं आहे पण शिस्तीचं. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, त्यामुळे साडेआठलाच वाचायचं. शाळेजवळ राहणाऱ्या दोघांना ते काम द्या, आळीपाळीने. बाटली सरळ भिंतीची हवी, वरून खालपर्यंत सारख्या रुंदीची. शीतपेयाची कमरेत बारीक असलेली घेतली तर मिलिमीटर चुकतात. कौलांच्या पागोळ्या तिच्यात पडणार नाहीत अशी मोकळी जागा बघा, आणि माडाखाली तर ठेवूच नका.

गुणांचं म्हणाल तर मी गटाला गुण देतच नाही. प्रत्येकाची वेगळी नोंदवही आणि शेवटी प्रत्येकाला दोन तोंडी प्रश्न. ‘गुरुवारचा आकडा बुधवारपेक्षा कमी का?’ खिडकीबाहेर बघणाऱ्याला बरोबर घाम फुटतो. तास पस्तीस मिनिटांचाच राहू द्या. नोंदी शाळेच्या वेळेबाहेर होतात, तासाला फक्त आलेख आणि वाद. कात्री काढूच नका, भांडणं अर्धी कमी होतील.

दुकानदार भाऊंच्या मुद्द्याशी मात्र सहमत. घरून आणलेलं तपासावं, पण तिथेही तेच दोन तोंडी प्रश्न. ज्याने केलंय तो बोलतो.

खाडीकाठचा गुरुजी

समितीची बैठक झाली, म्हणून कळवतो.

आरोग्यमंत्र्याने कागद वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला अडकला. मग कागद ठेवून त्याने बूट काढला, मोजा काढला आणि पाय टेबलाशेजारी खुर्चीवर ठेवला. अध्यक्षांनी (त्या स्वतः पालक, मासळी विकतात) चष्मा लावून बघितला, म्हणाल्या, ‘झाकून ठेव बाबा, समजलं.’ सँडलची मुभा जून ते सप्टेंबर मंजूर, शब्द केंद्रप्रमुख साहेबांनी सांगितले तसेच. मुख्याध्यापकांची अट: सँडल काळेच, आणि आरोग्य केंद्राचा कागद आधी फाइलला लागला पाहिजे. पायांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

खिसा चर्चेशिवाय झाला. कोटीवर एकमत नाही, पुढच्या बैठकीत. मालवणच्या ताईंसारखी आजी आमच्याकडे कोण, याचा शोध मुख्यमंत्रिणीने सुरू केलाय. तिला नकार मिळाला याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही, ‘निर्णय प्रलंबित’ असं तिने इतिवृत्तात मोठ्या अक्षरांत लिहिलंय. इतिवृत्त बदललेलं नाही. शिक्षकांच्या ड्रेसकोडचं वाक्य तेवढं मुख्याध्यापकांनी पेन्सिलीने अधोरेखित केलंय, खोडलेलं नाही.

प्रकल्पाचा ठराव मुलांनीच दुरुस्त केला. घरून आणलेला चालेल, पण दोन प्रश्नांना सामोरं जायचं. ज्वालामुखीवाला पहिला आला. बाबांनी केला होता तरी लाव्हा आणि शिलारस यातला फरक त्याने नीट सांगितला, त्यामुळे गुण द्यावे लागले. बाईंना ते पटलेलं नाही.

जेटीच्या पायऱ्या बघून आलो. आकडे घालता येतील, ग्रामपंचायतीला विचारलंय. शेवाळ फार आहे, ते खरवडून कोणता रंग टिकेल?

तालुक्याचा स्टेशनरीवाला

डिस्टेंपर लावू नका, आठ दिवसांत धुपेल. ऑइल पेंट घ्या, पिवळा, पण ओल्या दगडावर तो धरत नाही. पाऊस उघडून पायऱ्या दोन दिवस कोरड्या मिळाल्या तरच लावा, आणि भरतीच्या रेषेखालच्या पायऱ्यांवर रंगाच्या नादी न लागता छिन्नीने आकडे कोरून घ्या. चिरा असेल तर गवंडी अर्ध्या दिवसात करून देतो. काळे सँडल माझ्याकडे नाहीत, शेजारच्या चपलांच्या दुकानात आहेत. त्याला सांगून ठेवलंय, मापं पाठवा.